साक्षीदाराची जागा

आमच्या नियंत्रण कक्षात त्याला सगळे 'थांबा' म्हणत. तोंडावर म्हणत आणि त्याला त्याचं काही वाटत नसे. प्रिंटर चालत नाही म्हटलं की "थांबा." खुर्चीचं चाक निखळलं, "थांबा." चहा घेणार का विचारलं तरी आधी "थांबा", मग घड्याळाकडे एक नजर, मग उत्तर. एकदा मी वैतागून विचारलं, "तुझं लग्न तरी वेळेवर झालं का रे?" तर म्हणतो, "थांबा ताई, आठवतो." सगळा कक्ष हसला. तोही हसला, पण त्याचं हसू ओठांच्या वर कधी चढत नसे.

मी तिथली सगळ्यात जुनी फोन घेणारी. रुग्णवाहिकेसाठी जो नंबर लोक फिरवतात, त्याच्या दुसऱ्या टोकाला बावीस वर्षं माझा आवाज आहे. माझ्याहून दोन वर्षांनी मोठे असलेले साहेबसुद्धा मला ताई म्हणतात. माझी जीभ तिखट आहे, हे मला ठाऊक आहे. पण लोकांचा जीव जात असताना गोड बोलायला वेळ नसतो आणि एकदा ती सवय लागली की घरीही जात नाही.

थांबा आमच्या काचेपलीकडे बसायचा. तिथे थंड हवेची एक खोली होती आणि त्या खोलीत आमची दोन मोठी मशीनं. मला यातलं फार कळत नाही, पण त्याने एकदा समजावलं ते डोक्यात बसलं. एका मोठ्या मशीनच्या पोटात आठ लहान मशीनं नांदतात. एक फोन रांगेत लावतं, एक नकाशा दाखवतं, एक गाड्या कुठे आहेत ते सांगतं, एक बोलणं टेप करून ठेवतं. प्रत्येकाला वाटतं, हे घर आपल्या एकट्याचं. त्यांना एका छपराखाली भांडू न देता नांदवणारं जे सॉफ्टवेअर असतं, खरी मालकीण ती. आणि मोठी मशीनं दोन अशासाठी, की एक कोसळलं तर आठही जणांनी दुसऱ्या घरात उठून उभं राहावं.

"पण एक पडलं हे दुसऱ्याला कळतं कसं?" मी विचारलं होतं.

"तिथेच तर मेख आहे, ताई," तो म्हणाला. "नुसती मधली वायर तुटली तर दोघांनाही वाटेल की दुसरा मेला. मग दोघं एकाच वेळी फोन घेत सुटतील आणि सगळा गोंधळ. म्हणून एक तिसरा लागतो. साक्षीदार. तो सांगतो कोण जिवंत आहे ते. त्याने हो म्हटल्याशिवाय कुणी उठायचं नाही."

हे सांगत होता तेव्हा तो थांबा नव्हता. तेव्हा तो नवीन होता, चटपटीत होता, वायरींमधून शीळ घालत फिरायचा आणि "झालंच समजा" हे त्याचं पालुपद होतं. त्यानंतर थोड्याच महिन्यांनी ती अकरा मिनिटं आली.

सहा वर्षं झाली. सकाळी दहाच्या सुमारास माझ्या कानातला आवाज मधेच तुटला. समोरचा नकाशा काळा झाला. पलीकडच्या सातही बाया माझ्याकडे बघायला लागल्या आणि मी काचेकडे. एक मशीन पडलं होतं. दुसरं उठायला हवं होतं. ते चालू होतं, त्याचे दिवे लुकलुकत होते, पण ते उठेना. हातपाय धड असलेला माणूस आगीत नुसता उभा राहावा, तसं ते उभं होतं. मी काचेवर मूठ आपटली. आत तो गुडघ्यांवर बसून काहीतरी करत होता आणि त्याची मान मागून घामाने चमकत होती. अकरा मिनिटांनी आवाज परत आला.

आल्या आल्या पहिला फोन मी उचलला. एक म्हातारी बाई होती. तिच्या नवऱ्याच्या छातीत दुखत होतं. आमच्याकडे पद्धत अशी, की गाडी पोहोचेपर्यंत घरच्यांना कामाला लावायचं. त्यांना म्हणायचं, त्यांच्या छातीकडे बघा, छाती वर आली की मला मोठ्याने आकडा सांगा. त्याने आम्हाला श्वास कळतो आणि घरच्यांचा धीर टिकतो. मी म्हटलं, "आजी, मोजा." ती म्हणाली, "बाई, मगाशी मोजता आले असते. सात वेळा लावला मी फोन."

चौकशी झाली तेव्हा ती आजी आली होती. तिने साहेबांना काही विचारलं नाही, मला विचारलं. "तू का नाही उचललास गं?" मी तिचा हात धरला आणि सांगितलं, "आजी, मशीन दगा देऊन गेलं. कुणाचा हात नव्हता त्यात." अहवालातही तेच आलं. सॉफ्टवेअरने दुसऱ्या मशीनला वेळेवर उठवलं नाही, दोष सॉफ्टवेअरचा. त्या दिवसापासून मी त्या सॉफ्टवेअरला येता-जाता शिव्या घातल्या आणि तो शीळ घालायचा बंद झाला. मला वाटलं, धक्का बसलाय बिचाऱ्याला.

तर या वर्षी त्या सॉफ्टवेअरच्या कंपनीचं पत्र आलं. अटी बदलल्या होत्या आणि तीन महिन्यांत आम्हाला ठरवायचं होतं, तेच ठेवायचं की दुसरं आणायचं. साहेबांनी थांबाला बोलावून सांगितलं, तपासून बघ आणि एक निवड. त्याच्या तोंडचं पाणी पळालेलं मी काचेतून पाहिलं. माणसं नोकरी गेल्याचं ऐकून जशी बसतात, तसा तो निवड करायला सांगितल्यावर बसला.

पर्याय तीन होते. मला कळावं म्हणून त्याने त्यांना जावांसारखी नावं दिली. थोरली म्हणजे आमचीच जुनी. घराणं मोठं, कामात तरबेज, पण आता नाकावर माशी बसू देत नाही. मधली ही टेबलावरच्या संगणकांबरोबर येणाऱ्या कुटुंबातली. वागायला सरळ, पण दर महिन्याला डागडुजीसाठी तिला घटकाभर झोपवून पुन्हा उठवावं लागतं, आणि आमचं काम तर घटकाभरही झोपत नाही. धाकटी फुकट मिळते. जगभरच्या हौशी आणि हुशार लोकांनी मिळून वाढवलेली, पडेल ते काम करते, फक्त तिला माहेर नाही.

"माहेर नाही म्हणजे?"

"काही बिघडलं तर कुणाच्या दारात जाऊन भांडायचं ते नाही. जे काही असेल ते आपलंच."

मागच्या खोलीत त्याने जुनी मशीनं मांडली आणि एकेकीची परीक्षा घ्यायला लागला. परीक्षेची त्याची रीत बघून मला आधी हसू आलं. सगळं चालू असताना तो एका मशीनच्या विजेच्या दोन्ही वायरी स्वतःच्या हाताने उपटायचा, डोळे मिटायचा आणि दुसरं उठेपर्यंत मोजायचा. घड्याळ लावायचा नाही. श्वास मोजायचा, आपलेच, संथ. थोरली अकरा श्वासांत उठली. मधली चौदा. धाकटी सतरा. तो वहीत लिहायचा आणि पुन्हा उपटायचा. एका दुपारी मी दारात उभी होते. तो मोजत असताना त्याचा दुसरा हात टेबलाच्या कडेवर इतका घट्ट होता की नखं पांढरी पडली होती. माझं हसू तिथेच संपलं. हा माणूस मशीन तपासत नव्हता, रोज वीस वेळा त्याच दिवसात परत जात होता.

त्याची बायको एका शाळेत कारकून आहे. तिचा मला फोन आला, आमच्या घरच्या नंबरावर. "ताई, तुम्ही जरा बोलाल का त्याच्याशी? घरात फ्रिजची मोटर बंद झाली तरी दचकतो. जेवताना घास हातात धरून बसतो. परवा मुलीचा फोन लागत नव्हता, तर शाळेपर्यंत पळत आला, चपला न घालता."

"कामाचा ताण आहे," मी म्हटलं.

"ताण मी पाहिलाय हो. ही भीती आहे."

खरं सांगायचं तर भीती मलाही होती. रोज कामावर आल्यावर कानाला यंत्र लावायच्या आधी मी एकदा काचेतून दिवे बघायचे, हिरवे आहेत ना. कानात क्षणभर शांतता झाली की पुन्हा दिव्यांकडे बघायचे. आठही जणींची तीच गत होती, फक्त कुणी बोलत नव्हतं. जुनी दगाबाज, नव्या दोघी परक्या. निवडायचं कुणाला? आणि निवडणाऱ्याचीच ही अवस्था.

निर्णयाची बैठक सोमवारी सकाळी होती. साहेब, थांबा, आणि फोन घेणाऱ्यांच्या वतीने मी. साहेबांनी त्याची वही पाहिली. "आकडे तर थोरलीचे चांगले आहेत. पण तिचं नावसुद्धा नको मला. अकरा मिनिटं तिच्यामुळे गेली. एक माणूस तिच्यामुळे गेला. मधली घेऊन टाकू. काय, ताई?"

"जुनी तर नकोच," मी म्हटलं. "तिचं तोंड बघायची इच्छा नाही माझी."

"मग झालं. लिहा कागद."

"थांबा," तो म्हणाला.

साहेब वैतागले. "आता काय?"

तो उभा राहिला. बैठकीत उभं राहायची पद्धत नाही आमच्याकडे. टेबलावरची वही त्याने सरळ केली, मग पुन्हा केली. "थोरलीचा दोष नव्हता, साहेब. साक्षीदार मी चुकीच्या जागी ठेवला होता."

कुणालाच काही कळलं नाही. त्याने सांगितलं, आणि इतकं हळू की साहेबांना पुढे वाकावं लागलं. साक्षीदार तिसरीकडे ठेवायचा असतो, दोन्ही मशीनच्या बाहेर. मशीनं लावली तेव्हा तिसरी जागा तयार नव्हती. म्हणून त्याने तो तात्पुरता पहिल्या मशीनच्याच पोटात ठेवला, आठांमध्ये नववा. आठवड्याभराने जागा तयार झाली. उद्या हलवू, असं म्हणाला. मग परवा. मग विसरला. त्या सकाळी पहिलं मशीन पडलं आणि त्याच्याबरोबर साक्षीदारही गेला. दुसरं मशीन शहाण्यासारखं वागलं. साक्षीदार हो म्हणेपर्यंत उठायचं नाही, म्हणून वाट बघत उभं राहिलं. हो म्हणणारा तर आतच मेला होता.

"चौकशीत का नाही सांगितलं?" साहेबांनी विचारलं.

"घाबरलो." एवढंच म्हणाला. मग वही मिटली आणि म्हणाला, "त्या आजींकडे दोनदा गेलो होतो सांगायला. दारापर्यंत जाऊन परत आलो. आता त्याही नाहीत."

मी त्या खोलीत काय बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. खुर्ची मागे ढकलून उठले एवढं आठवतं. "मी त्या बाईचा हात धरून सांगितलं होतं, कुणाचा हात नव्हता म्हणून," मी ओरडले. "माझ्या तोंडून खोटं वदवलंस तू. सहा वर्षं रोज माझ्यासमोरून गेलास." मी दार आपटून बाहेर आले, कानाला यंत्र लावलं आणि पुढचा फोन घेतला. एका मुलाचं बोट दारात चेंगरलं होतं. माझा आवाज नेहमीसारखाच निघाला, याचाच मला राग आला.

साहेबांनी वर लेखी कळवलं. चौकशी नव्याने उघडली. काम संपेपर्यंत त्याला ठेवावं आणि नंतर निर्णय घ्यावा, असं ठरलं, कारण मशीनं हलवणारा दुसरा कुणी नव्हता. तीन आठवडे मी त्याच्याशी एक शब्द बोलले नाही. काचेतून दिवे बघायचे, त्याला बघायचे नाही. पण एक गोष्ट मान्य करायलाच हवी. भीती आता अधिक वाढली होती. इतके दिवस वाटत होतं, मशीन वाईट आहे, बदललं की सुटू. आता कळलं होतं की मशीन कुठलंही आणलं, तरी ते लावणारा माणूसच असणार आणि माणूस म्हटला की 'उद्या करू' आलंच.

एका सकाळी तो माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. "ताई, धाकटी घेतोय."

मी न बोलण्याचं ठरवलं होतं, पण तोंड कुठे ऐकतं. "सतरा श्वासवाली? थोरलीचा दोष नव्हता म्हणालास, मग ती अकरावाली का नको?"

"धाकटीला तेरावर आणलंय. आणखी खाली येत नाही. दोन श्वास जास्त जातात, मला माहीत आहे. पण थोरलीच्या मागे कंपनी आहे, मधलीच्याही. काही झालं तर बोट दाखवायला जागा आहे. मी मागच्या वेळी दाखवलंच ना? धाकटीला माहेर नाही. बिघडलं तर नाव माझंच येईल, नाहीतर माझ्यानंतर जो बसेल त्याचं. ज्याला बोट दाखवायला कुणी नाही, तो साक्षीदार हलवायला विसरत नाही. साहेबांना हेच लिहून दिलंय."

"आणि साहेब?"

"म्हणाले, ताईंना विचार. कानाला यंत्र त्या लावतात." मग म्हणाला, "शेवटची परीक्षा खऱ्या मशीनवर घ्यायची आहे. दुसऱ्या टोकाला कानाला लावून कुणीतरी बसायला हवं. मला तुम्ही हव्यात."

का, असं मी विचारलं नाही. काही चुकलं तर मी त्याला खूप बोलेन याची त्याला खात्री होती आणि त्याला तसंच माणूस हवं होतं. मी हो म्हटलं. त्याला माफ केलं होतं म्हणून नाही. फोन उचलला गेला नाही तर ते आधी मला कळायला हवं होतं, म्हणून.

गुरुवारी सकाळी दहाला परीक्षा ठेवली. त्या अर्ध्या तासापुरते खरे फोन शेजारच्या शहराच्या केंद्राकडे वळवले होते. बाकीच्या सातजणी भिंतीला टेकून उभ्या होत्या. साक्षीदार आता तिसऱ्या जागी होता, ड्रायव्हरांच्या विश्रांतीच्या खोलीत, उंच फळीवर, जेवणाच्या डब्याएवढी एक पेटी. तिच्यावर त्याच्या अक्षरात चिठ्ठी होती, 'हलवू नये. काही वाटलं तर मला विचारा.' खाली त्याचं पूर्ण नाव. आम्हाला कित्येकांना ते त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

त्याची बायको घरून, न वळवलेल्या एका चाचणीच्या नंबरावर, फोन लावणार होती. मी कानाला यंत्र लावून बसले. काचेपलीकडे तो पहिल्या मशीनमागे वाकला, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि दोन्ही वायरी उपटल्या.

नकाशा काळा झाला. कानात शांतता. सहा वर्षांपूर्वीची तीच शांतता, अगदी तीच. एक. दोन. मी काचेकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलं. सात. आठ. भिंतीकडून कुणाचा तरी हुंदका आला. अकरा. आता थोरली उठली असती. बारा. मला त्या आजीचा हात आठवला, कोरडा आणि हलका. तेरा. काही नाही. चौदा. मनात एकच, पुन्हा नाही, पुन्हा नाही. पंधरावा श्वास अर्धा आत होता, तेव्हा कानात घंटी वाजली.

"रुग्णवाहिका सेवा, बोला," मी म्हटलं. माझा आवाज या वेळी नेहमीसारखा निघाला नाही.

"लागला?" त्याची बायको पलीकडून रडत होती. "लागला का हो, ताई?"

"लागला गं बाई. लागला."

माझा जीव भांड्यात पडला. सातजणी एकमेकींना मिठ्या मारायला लागल्या, साहेब दारातच खाली बसले. मी काचेकडे पाहिलं. तो तसाच होता. डोळे मिटलेले, दोन्ही हातांत वायरी, ओठ हलत होते. तो मोजतच होता. दुसऱ्या मशीनचे सगळे दिवे त्याच्या खांद्यामागे हिरवे होते आणि त्याला डोळे उघडायची हिंमत होत नव्हती.

मी यंत्र काढलं, फिरून आत गेले. त्या थंड खोलीत त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. "एकेचाळीस," तो पुटपुटत होता. "बेचाळीस."

मी त्याच्या हातावर हात ठेवला. "थांब," मी म्हटलं. "लागलाय फोन. मी घेतला. पंधराव्याला."

त्याने डोळे उघडले. आधी दिव्यांकडे पाहिलं, मग हातातल्या वायरींकडे, त्या कुणाच्या आहेत हे आठवत नसल्यासारखं. मला वाटलं हा आता हसेल, निदान श्वास तरी सोडेल.

"साक्षीदार हलवायचं काम दहा मिनिटांचं होतं, ताई," तो म्हणाला.